उपजिल्हा रुग्णालय मंजूर झालंय, आता तालुक्यातल्या लोकांनी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्यात आज 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. त्याचं 100 खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन मंजूर झालंय, पण जागा अजून ठरलेली नाही. काही निवृत्त शिक्षक, बचत गटांतल्या बायका आणि दोन-तीन तरुण डॉक्टर यांनी मिळून एक समिती केली आहे. त्यांचं विचारणं असं की इमारत उभी राहीपर्यंत आणि त्यानंतरही लोकांचा सहभाग टिकवायचा कसा, आणि सरकारदरबारी आपलं कोणी ऐकेल का.

माझी नोकरी सार्वजनिक आरोग्य खात्यात झाली आणि नंतरची वर्षं रुग्णालयांच्या नियोजनात गेली. त्या अनुभवावरून सांगतो: ऐकतात, पण फाइल कुठल्या टेबलावर आहे ते पाहून बोललात तर. बहुतेक समित्या इथेच चुकतात. भूमिपूजनाच्या दिवशी सगळा तालुका मांडवात जमतो, निवेदनं दिली जातात, आणि तोवर नकाशा पक्का होऊन गेलेला असतो.

म्हणून आधी कागदाचा प्रवास समजून घ्या. जोडबृहत आराखड्यात, म्हणजे कुठे कोणतं आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय व्हावं याच्या सरकारी आराखड्यात, नाव येतं, मग श्रेणीवर्धनाचा शासन निर्णय निघतो. जागा ताब्यात आली की नकाशे होतात, त्यावर सार्वजनिक बांधकाम विभाग अंदाजपत्रक तयार करतो. मग प्रशासकीय मान्यता (म्हणजे कामाला आणि खर्चाला सरकारची मंजुरी), तांत्रिक मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. तुमच्या हातातला खरा काळ म्हणजे जागा शोधायला सुरुवात झाल्यापासून प्रशासकीय मान्यता मिळेपर्यंतचा. त्यानंतर खोली इकडची तिकडे करायची म्हटली तरी खर्च वाढतो, सुधारित प्रशासकीय मान्यता लागते, आणि तिच्यात वर्ष सहज निघून जातं. कुठलाही अधिकारी त्या भानगडीत पडायला तयार नसतो, आणि त्याचं चुकतं असंही मी म्हणणार नाही.

यातूनच माझा मुख्य मुद्दा निघतो. लोकांना बोलवाल तेव्हा सुरुवातीलाच सांगा की काय ठरून गेलंय आणि काय अजून ठरायचं आहे. खाटांची संख्या शासन निर्णयात आली आहे, ती चर्चेत बदलणार नाही. जागा, प्रवेशद्वारं, प्रसूती विभाग कुठे असावा, नातेवाइकांनी रात्री कुठे थांबायचं, जुन्या इमारतीचं काय करायचं, हे मात्र अजून आपल्या हातात आहे. आणि ज्याने जे सुचवलं त्याचं पुढे काय झालं हे त्याला परत जाऊन सांगा. ‘तुमची सूचना नकाशात घेतली’ किंवा ‘घेता आली नाही, कारण अमुक’, एवढं एक वाक्य पुरतं. नकार मिळाला म्हणून माणसं दूर गेलेली मी फारशी पाहिली नाहीत. आपण बोललो आणि त्याचं काय झालं ते कळलंच नाही, म्हणून गेलेली पुष्कळ पाहिली.

आता जागा. सगळ्यात मोठं भांडण इथेच होतं. सरकारी जमीन फुकट मिळते म्हणून गावाबाहेर चार-पाच किलोमीटरवरचा माळ सुचवला जातो. कधी कोणी दानशूर जमीन देऊ करतो. जमीन मोठी असली की पुढे वाढायला वाव राहतो, त्यामुळे गावाबाहेरचा प्रस्ताव लगेच झिडकारू नका. पण चार गोष्टी बघितल्याशिवाय होकारही देऊ नका: उन्हाळ्यात तिथे पाणी असतं का, एसटी जाते का, वीज कुठल्या फीडरवरून येणार, आणि पावसाळ्यात तो रस्ता बंद पडतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नकाशात सापडत नाही, आजूबाजूच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे मिळतं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा वीज गेली, आणि एका कोविड रुग्णालयात कृत्रिम श्वासावर असलेले रुग्ण दगावले. कोकणात रुग्णालयाची जागा निवडताना पूररेषेचा कागद तर हवाच, पण ‘पाणी कुठवर आलं होतं’ हे बोट दाखवून सांगणारी माणसंही हवीत. जनरेटर, प्राणवायूची टाकी आणि विजेचं मुख्य पॅनेल तळमजल्यावर ठेवायचं की जोत्याची उंची वाढवायची, हा प्रश्न त्याच दिवशी लेखी विचारा. जांभ्याचा डोंगर कापून सपाटी करणार असतील तर वरून येणारं पाणी कुठे वळवणार, तेही विचारा.

दानाची जमीन असेल तर बक्षीसपत्र नोंदणीकृत झालं पाहिजे आणि सातबाऱ्यावर खात्याचं नाव चढलं पाहिजे. तोंडी शब्दावर काम सुरू झालं, मग दात्याच्या वारसांत वाद लागला आणि खांब उभे राहून काम थांबलं, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. इमारतीला नाव कुणाचं द्यायचं ही बोलणीही आधीच उरकून घ्या.

लोकांचं ऐकायचं म्हणजे जाहीर सभा घ्यायची, असा समज आहे. सभा घ्याच, पण सभेत नेहमी बोलणारीच माणसं बोलतात, आणि ती बहुधा सिटीस्कॅन मागतात. आठवडा बाजाराला जा, ओपीडीच्या रांगेत बसा, गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी जा, डायलिसिसला जाणाऱ्यांच्या गाडीतून एकदा प्रवास करा. आशाताईंना वेगळं भेटा, त्यांच्या वरिष्ठांसमोर नको. आणि ‘तुम्हाला काय हवं’ असं विचारू नका. ‘मागच्या वेळी घरात कोणी अत्यवस्थ झालं तेव्हा काय काय घडलं, अगदी पहिल्यापासून सांगा’ असं विचारा. किती वाजता कळलं, गाडी कोणाची मिळाली, पहिल्या दवाखान्यात काय म्हणाले, पुढे कुठे पाठवलं, पैसे कुठून उभे केले.

अशा हकिकती जमल्या की चित्र एकदम स्पष्ट होतं. तुमच्या जिल्ह्यात तर ते माहीतच आहे: गंभीर रुग्ण गाडीत घातला की गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या वाटेला लागते. वर्षानुवर्षं सिंधुदुर्गाला गोवा मेडिकल कॉलेजचा आधार राहिला. 2018 च्या सुरुवातीला तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे केवढी अस्वस्थता पसरली होती, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. नंतर ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. तरीही तालुक्यातून पुढे पाठवलेल्या रुग्णांची नोंदवही मागून घ्या आणि प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहा. बहुतेक ठिकाणी कारणं यंत्राच्या अभावाची नसतात. रात्री भूलतज्ज्ञ नव्हता, रक्त नव्हतं, बालरोगतज्ज्ञ रजेवर होता, अशी असतात. रुग्णालयाला प्रथम संदर्भ केंद्र, म्हणजे खालच्या केंद्रांतून गंभीर रुग्ण जिथे आधी पाठवायचे ते ठिकाण, म्हणायचं तर तीन सेवा चोवीस तास लागतात: सिझेरियनसह तातडीची प्रसूतिसेवा, नवजात बाळाची काळजी आणि रक्त साठवणुकीची सोय. सिटीस्कॅनचा आग्रह धरण्याआधी या तिन्हींची खात्री मागा. सभेत हे सांगायला थोडं धैर्य लागतं, कारण यंत्राच्या उद्घाटनाचा फोटो छापून येतो आणि रक्ताच्या फ्रीजचा येत नाही.

ऐकण्यातून नकाशा कसा बदलतो याचं महाराष्ट्रातलं सर्वांत चांगलं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथल्या आदिवासींना त्यांनी विचारलं की तुम्ही रुग्णालयात का येत नाही. उत्तरं मिळाली ती कुठल्याही मानकांच्या पुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. माणसाला आत घेतात आणि आम्हाला बाहेर काढतात. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आमच्यात पांढऱ्या कपड्यात प्रेत गुंडाळतात. मग शोधग्राममधलं रुग्णालय झोपड्यांसारख्या छोट्या छोट्या घरांचं झालं, रुग्णाबरोबर घरच्यांना राहता येऊ लागलं, आणि रुग्णालयाला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. तुमचं रुग्णालय सरकारी आहे, त्याला इतकी मोकळीक मिळणार नाही हे खरं. पण ‘लोक का येत नाहीत’ हा प्रश्न नकाशाच्या आधी विचारला गेला पाहिजे, हे तुम्हालाही तितकंच लागू आहे.

नकाशा हाती आला की सभेत भिंतीवर लावून समाधान मानू नका. निळ्या-काळ्या रेषा बघून बहुतेकांना काही कळत नाही, आणि कळलं नाही असं म्हणायला माणूस लाजतो. शाळेच्या मैदानावर चुन्याने प्रसूती विभाग आणि अपघात विभाग खऱ्या मापात आखा. दारं, खाटा, टेबलं यांच्या जागी बाकडी ठेवा. मग त्या रुग्णालयातल्या परिचारिका, मावशी, सफाई कामगार, 108 च्या गाडीचे चालक आणि नुकत्याच बाळंत झालेल्या दोन-चार बायका यांना त्यातून फिरू द्या. स्ट्रेचर वळवून बघा. तासाभरात अशा गोष्टी बाहेर येतात ज्या वास्तुविशारदाच्या ध्यानातही आल्या नसत्या: कळा सुरू असलेल्या बाईला शौचालयासाठी पूर्ण बोळ ओलांडावा लागतोय, परिचारिकेला आपल्या टेबलावरून शेवटची खाट दिसत नाही, मळके कपडे आणि जेवणाची ट्रॉली एकाच दारातून जातायत, शवविच्छेदनगृहाची वाट बाह्यरुग्ण विभागासमोरून जातेय. यातली एकेक सूचना कागदावर बदलायला खर्च शून्य येतो. भिंत उभी राहिल्यावर मात्र ती फोडावी लागते.

नातेवाइकांचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढतो. आपल्याकडे रुग्णाबरोबर घरचं माणूस असतंच, आणि ते असतं म्हणून रुग्णालय चालतं. औषध आणणं, पाजणं, अंग पुसणं, रात्री हाक मारणं ही सगळी कामं तेच करतं. तरीही नकाशात त्याला जागा नसते, म्हणून ते जिन्याखाली झोपतं, आणि मग ‘गर्दी करू नका’ म्हणून त्याच्यावर ओरडलं जातं. नातेवाइकांसाठी निवारा, अंघोळीची व कपडे धुण्याची जागा, भात गरम करायला ओटा, पिण्याचं पाणी आणि फोन चार्ज करायची सोय अंदाजपत्रकात पहिल्यापासून घालून घ्या. लांबच्या वाड्यांतल्या गरोदर बायकांना तारखेच्या आधी येऊन राहता यावं म्हणून आदिवासी भागांत ‘माहेरघर’ चालवतात. पावसाळ्यात तुटणाऱ्या वाड्या तुमच्याकडेही आहेत, तशी एखादी खोली मागायला हरकत नाही.

आगीबद्दल एवढंच सांगतो. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून रुग्ण मरण पावले. नवजात कक्ष आणि अतिदक्षता विभाग या दोन्हींना दुसरं दार कुठे आहे, ते कुलूप न लावता राहील का, धूर बाहेर कसा जाईल, विजेचा भार कोणी मोजला, हे प्रश्न तुमच्या समितीने विचारायचेच आहेत. त्यासाठी अभियंता असावं लागत नाही.

बांधकामाचं साहित्य आणि स्थानिक कारागीर यांविषयी अनेक जण विचारतात. रवांडातल्या बुरेरा जिल्ह्यात 2011 मध्ये बुटारो रुग्णालय सुरू झालं, ते स्थानिक ज्वालामुखीच्या दगडात, स्थानिक गवंड्यांच्या हातांनी. क्षयाचा संसर्ग पसरू नये म्हणून तिथे बंद बोळांऐवजी बाहेरच्या उघड्या पडव्या ठेवल्या. त्यातली हवेची कल्पना आपल्याला जशीच्या तशी उपयोगी आहे; कोकणी घराची पडवी काही वेगळं करत नाही. जांभ्या दगडाबद्दल मात्र मी जपून बोलेन. कुंपण, नातेवाइकांचा निवारा, बाहेरच्या भिंती यांना तो चांगला. शस्त्रक्रियागृहात किंवा प्रसूतिकक्षात भिंत गुळगुळीत आणि धुता येण्याजोगीच हवी. आणि कोकणातल्या सपाट स्लॅबवर दोन पावसाळ्यांनी पत्र्याची शेड चढतेच, तेव्हा उतरतं छप्पर पहिल्यापासूनच मागा.

एक जागा फार नाजूक आहे: नवीन काही मिळताना जुनं काय जाणार. सध्याचं ग्रामीण रुग्णालय बाजारपेठेत असेल आणि नवं माळावर गेलं तर जुन्या ठिकाणी बाह्यरुग्ण विभाग राहणार की कुलूप लागणार? हे लपवलं तर काय होतं याचं इंग्लंडमधलं उदाहरण मी नेहमी सांगतो. वूस्टरला नवं मोठं रुग्णालय बांधायचं ठरलं, आणि त्या फेररचनेत 2000 साली किडरमिन्स्टरच्या रुग्णालयातला अपघात विभाग बंद झाला. लोकांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही. 2001 च्या निवडणुकीत त्याच रुग्णालयातले निवृत्त डॉक्टर रिचर्ड टेलर अपक्ष उभे राहिले आणि 17 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. हरला तो सत्ताधारी पक्षाचा मंत्री. 2005 मध्ये टेलर पुन्हा निवडून आले. नवं रुग्णालय चांगलं होतं की वाईट हा प्रश्नच नव्हता. मध्यरात्री आपल्या मुलाला घेऊन किती लांब जावं लागेल, या प्रश्नावर लोकांनी मत दिलं. म्हणून बांधकामाच्या काळात प्रसूती कुठे होतील, जुन्या जागेचं काय होईल, आणि नव्या रुग्णालयात काय होणार नाही, हे तिन्ही सुरुवातीलाच फलकावर लिहा. कोणी पुढारी व्यासपीठावरून ‘सुपरस्पेशालिटी’ म्हणू लागला तर त्याला शांतपणे थांबवा. 100 खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात हृदयाची बायपास होत नाही. आज टाळ्या घेतलेल्या आश्वासनाचा राग उद्या रात्रपाळीच्या परिचारिकेवर निघतो.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि समित्या सर्वांत कमी लक्ष देतात ते: माणसं. इमारत पूर्ण, फरशी चकचकीत आणि दाराला कुलूप, अशी रुग्णालयं आपल्या राज्यात तुम्हीही पाहिली असतील. कारण पदनिर्मितीची फाइल वेगळी असते, ती बांधकामाबरोबर आपोआप चालत नाही. 30 खाटांचा आकृतिबंध (म्हणजे मंजूर पदांची यादी) आणि 100 खाटांचा आकृतिबंध यांत मोठा फरक आहे, आणि तो वित्त विभागातून मंजूर व्हावा लागतो. बांधकाम जोत्याच्या वर आलं की त्याच महिन्यात विचारा: पदांचा प्रस्ताव गेला का, कुठे आहे, कोणाच्या सहीसाठी थांबलाय. लोकप्रतिनिधीला भेटायला जाल तेव्हा रंग, कमान, नामफलक हे विषय बाजूला ठेवून हा एकच विषय न्या.

डॉक्टर टिकावेत यासाठी तालुका बरंच करू शकतो. निवासस्थानं रुग्णालयाबरोबरच पूर्ण झाली पाहिजेत, नंतरच्या टप्प्यात ढकलू देऊ नका. आणि त्यांत पाणी हवं. विशेषज्ञाच्या बायकोला किंवा नवऱ्याला नोकरी आणि मुलांना शाळा मिळते का, यावर तो दोन महिने राहणार की दहा वर्षं हे ठरतं. तालुक्यातल्या खासगी डॉक्टरांना पहिल्या बैठकीपासून बोलवा. त्यांना वगळलंत तर ते गप्प राहतील पण मदत करणार नाहीत. बोलावलंत तर त्यांच्यातला भूलतज्ज्ञ प्रत्येक केसमागे मानधन घेऊन सरकारी रुग्णालयात यायला तयार होऊ शकतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात तशी सोय आहे.

देणग्यांबद्दल माझं मत ठाम आहे. मुंबईकर चाकरमानी मंडळी आपल्या गावासाठी सढळ हाताने देतात, त्यांचं प्रेम खरं असतं. पण यंत्र देण्याची घाई करू नका. डायलिसिसचं मशीन दिलं, आणि तंत्रज्ञ, शुद्ध पाण्याचा प्लांट व देखभालीचा करार यांतलं काहीच नसेल, तर ते कोपऱ्यात पडून राहतं. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण 120 लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि तेवढं मिळवायला त्याहून बरंच जास्त साधं पाणी. मे महिन्यात टँकर येणाऱ्या गावात हा हिशेब आधी मांडावा लागतो. देणगी नातेवाइकांच्या निवाऱ्याला, जेवणाच्या सोयीला किंवा रुग्णांना आणणाऱ्या गाडीच्या इंधनाला द्या.

काम चालू असताना समितीने ठेकेदाराच्या डोक्यावर बसू नये, पण उघड्या डोळ्यांनी बघावं. कामाच्या जागेवर रक्कम, मुदत, ठेकेदार आणि दोषदायित्व कालावधी (म्हणजे काम पूर्ण झाल्यावर दोष निघाले तर ठेकेदाराने ते दुरुस्त करून देण्याची मुदत) लिहिलेला फलक लागलाच पाहिजे. नसेल तर माहिती अधिकारात मागा. दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो काढा आणि चार ओळींत काय झालं, काय थांबलं, का थांबलं ते ग्रामपंचायतींच्या फलकांवर आणि वॉट्सअॅपवर टाका. काही घडलं नसेल तर ‘या महिन्यात काम झालं नाही’ असं टाका. समितीत सगळ्या पक्षांची माणसं असू देत, ठेकेदाराचं नातेवाईक मात्र एकही नको.

रुग्णालय सुरू झालं की त्याच्या कारभारावर आणि निधीवर लक्ष ठेवणारी रुग्ण कल्याण समिती असते. ती कागदावर राहू नये यासाठी वाडी-वस्तीतल्या बायका तिच्यात असाव्यात आणि तिचा जमाखर्च दर्शनी भागात लावावा. महाराष्ट्रात 2007 पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांना लाल, पिवळे, हिरवे शेरे दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बाहेरून लिहून दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या ठेवल्या, आणि अनेक ठिकाणी त्यातून औषधं मिळू लागली, पैसे मागणं कमी झालं. त्या जनसुनवायांतून मी एक गोष्ट पाहिली. डॉक्टरांना आधी भीती वाटायची. पण औषधं वरूनच आली नाहीत, पदं रिक्त आहेत, हे लोकांना कळलं की तेच लोक डॉक्टरांच्या बाजूने वर भांडायला जायचे. मारहाणीविरुद्ध 2010 चा कायदा आहे, तो असावाच. पण डॉक्टरचं खरं संरक्षण त्याला ओळखणारा गाव करतो.

तुमच्या पुढच्या बैठकीआधी तीन कागद मिळवा: श्रेणीवर्धनाचा शासन निर्णय, सुचवलेल्या जागांचे सातबारे व पूररेषेचा नकाशा, आणि गेल्या 2 वर्षांत पुढे पाठवलेल्या रुग्णांची नोंद, नावं वगळून. जागेच्या पाहणीला जिल्हा शल्यचिकित्सक आणि बांधकामचे उपअभियंता एकाच दिवशी येतील असं बघा, आणि शक्य असेल तर तो दिवस जुलैतला असू द्या. त्या आधी सध्याच्या रुग्णालयातल्या परिचारिकांबरोबर एक संध्याकाळ काढा, कारण रात्री दोन वाजता तिथे काय अडतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.